उरलेले राज्य

(आयुष्याचे ध्येय कोठे असते, ते सापडते की ठरवावे लागते आणि परिस्थिती हाती नसतानाही आयुष्याची दिशा आपल्या हाती राहू शकते का, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत वैचारिक लेखात केला आहे. त्यासाठी दक्षिणेतील तंजावर आणि त्याच्या परिसरातील उदाहरणे घेतली आहेत. लेख वाचताना त्यातील मत कोणते आणि त्या मताला दिलेले आधार कोणते, याकडे लक्ष द्या.)

लहान मुलाला भेटणारा प्रत्येक मोठा माणूस एक प्रश्न हमखास विचारतो, 'मोठेपणी तू कोण होणार?' मूल उत्तर देते : डॉक्टर, इंजिनिअर, शिक्षक, फौजदार, वैमानिक. सगळे कौतुकाने हसतात आणि विषय तेथेच संपतो. वरवर निरुपद्रवी वाटणाऱ्या या प्रश्नात एक समजूत दडलेली आहे. आयुष्याचे ध्येय म्हणजे एखादे पद. ते मिळाले की जन्माचे सार्थक झाले आणि ते हुकले की जन्म वाया गेला, अशी ती समजूत. मूल मोठे होते, प्रश्न विचारणारे तो विसरूनही जातात. पण ही समजूत मात्र मनात घर करून राहते.

मुक्त शिक्षणाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांशी बोलताना या समजुतीचे ओझे किती जड असते, हे मला वारंवार जाणवले आहे. कोणी वडिलांच्या आजारपणामुळे शाळा सोडून दुकानात उभा राहिलेला असतो. कोणी लवकर लग्न होऊन संसाराला लागलेली असते. कोणी परीक्षेत दोनदा अपयश आल्यावर पुस्तके माळ्यावर टाकलेली असतात. त्यांच्या बोलण्यात एक वाक्य पुन्हा पुन्हा येते, 'आता काय राहिले आहे?' हे वाक्य ते सुस्कारा टाकून उच्चारतात. माझे मत असे की, प्रश्न योग्यच आहे. तो विचारण्याची रीत तेवढी चुकते. 'आता काय राहिले आहे?' हा प्रश्न सुस्कारा टाकण्यासाठी नसून हिशेब मांडण्यासाठी आहे. जे गेले ते वजा करून जे उरते, त्यातूनच माणसाला आपली दिशा ठरवावी लागते. हे नुसते उपदेशाचे वाक्य वाटू नये, म्हणून आपण थोडा वेळ कावेरीच्या खोऱ्यात जाऊ.

तमिळनाडूतील तंजावर हे शहर चोळ राजांनी बांधलेल्या बृहदीश्वराच्या भव्य मंदिरासाठी प्रसिद्ध आहे. मराठी माणसाचे त्या शहराशी आणखी एक नाते आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे भोसले यांनी तेथे राज्य स्थापन केले आणि पुढे जवळजवळ पावणेदोनशे वर्षे ते त्यांच्या घराण्यात राहिले. मराठी ही तेथील दरबाराची एक भाषा झाली. या राज्याच्या आरंभाशी आणि अखेरीशी दोन कथा जोडलेल्या आहेत. त्या शेजारी शेजारी ठेवून पाहण्याजोग्या आहेत.

पहिली कथा व्यंकोजीराजांची. दक्षिण दिग्विजयाच्या वेळी, १६७७ साली, दोघां भावांत वाटणीवरून वितुष्ट आले आणि लढाईही झाली. त्यानंतर व्यंकोजीराजांचे मन उदास झाले. राज्य होते, किल्ला होता, सैन्य होते. कावेरीसारखी नदी पिकवीत असलेला सुपीक मुलूख होता. तरीही त्यांचे कशात लक्ष लागेना. देहाची आबाळ होऊ लागली, कारभार मागे पडला. ही वार्ता कळल्यावर शिवाजी महाराजांनी त्यांना एक पत्र लिहिले. मराठीतील हे पत्र प्रसिद्ध आहे. विरक्तीचे वय अजून आलेले नाही, रिकामे बसून सैन्य निकामी करू नये, उमेदीच्या वयात पराक्रम करावा, असा त्याचा मथितार्थ आहे. या पत्रात कोठेही तुच्छता नाही. थोरल्या भावाने धाकट्याच्या पाठीवर हात ठेवून 'ऊठ' म्हणावे, असा त्याचा भाव आहे.

या प्रसंगातून एक गोष्ट स्पष्ट होते. हाती सर्व काही असूनही माणूस दिशाहीन होऊ शकतो. सिंहासन माणसाला बसण्याची जागा देते. उठून कोठे जायचे, हे ते सांगत नाही. तेव्हा पद मिळाले की ध्येय मिळाले, ही समजूत खुद्द एका राजाच्या बाबतीतही खरी ठरली नाही.

दुसरी कथा याच घराण्यातील सरफोजीराजांची (दुसरे). त्यांचा जन्म १७७७ चा. १७८७ साली तुळजाराजांनी मृत्यूपूर्वी त्यांना दत्तक घेतले. तुळजाराजांच्या मागे त्यांचे सावत्र बंधू अमरसिंह गादीवर बसले आणि दत्तकविधान शास्त्रशुद्ध आहे की नाही, यावर वाद माजला. या वादात दहा-अकरा वर्षांच्या त्या मुलाला काही काळ जवळजवळ कोंडूनच ठेवले होते. श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याने त्याची बाजू घेतली, त्याच्या शिक्षणाची व्यवस्था केली. पुढे सुरक्षिततेसाठी त्याला मद्रासला नेण्यात आले. तेथे त्याचा इंग्रजीशी आणि पाश्चात्त्य विद्यांशी परिचय झाला. अखेर १७९८ साली दत्तकविधान ग्राह्य ठरून सरफोजीराजे गादीवर आले. ज्याची लहानपणापासून वाट पाहिली, ते मिळाले होते.

ते सुख जेमतेम सव्वा वर्ष टिकले. २५ ऑक्टोबर १७९९ रोजी ईस्ट इंडिया कंपनीने त्यांच्याशी तह केला. राज्याचा सगळा कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे तंजावरचा किल्ला आणि मानमरातब राहिला. खर्चासाठी वर्षाला एक लाख पॅगोडा आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा मिळेल, असे ठरले. राजांचे वय त्या वेळी बावीस वर्षांचे होते. सैन्य नाही, महसूल नाही, न्यायनिवाडा नाही. राजाने जे करावयाचे असते, त्यांपैकी काहीही करण्याची मुभा नसलेला हा राजा होता.

'आता काय राहिले आहे?' हा प्रश्न सरफोजीराजांपुढे याहून अधिक कठोरपणे कसा उभा राहिला असता? त्या काळात कंपनीचा तनखा घेणारे संस्थानिक अनेक होते. त्यांतील कित्येकांचे आयुष्य शिकार, मेजवान्या आणि कर्ज यांत संपले. सरफोजीराजांना तो मार्ग मोकळा होता. त्यांनी वेगळा हिशेब मांडला. राज्य गेले होते. पण वाड्यातील ग्रंथसंग्रह उरला होता. सैन्य गेले होते. पण पंडित, वैद्य, गायक आणि चित्रकार यांचा मेळा उरला होता. सत्ता गेली होती. पण लहानपणी लागलेली ज्ञानाची गोडी उरली होती. या उरलेल्या गोष्टींवर त्यांनी पुढची तेहतीस वर्षे राज्य केले.

पहिली गोष्ट ग्रंथसंग्रहाची. नायक राजांच्या काळापासून चालत आलेला वाड्यातील संग्रह त्यांनी इतका वाढवला की, आज तो 'सरस्वती महाल ग्रंथालय' या नावाने जगभरच्या अभ्यासकांना परिचित आहे. ताडपत्रांवरील आणि कागदावरील चाळीस हजारांहून अधिक हस्तलिखिते तेथे आहेत. संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठी या चारही भाषांना तेथे स्थान आहे. १८२० साली राजे मोठ्या लवाजम्यानिशी काशीयात्रेला निघाले. इतर यात्रेकरू काशीहून गंगा आणतात. राजांनी गंगेबरोबर ग्रंथही आणले. युरोपातून त्यांनी हजारो छापील पुस्तके मागविली. त्यांतील अनेक पुस्तकांवर त्यांची स्वाक्षरी आजही दिसते. पुस्तके केवळ कपाटाच्या शोभेसाठी घेणारा माणूस इतका खटाटोप सहसा करीत नाही.

दुसरी गोष्ट वैद्यकाची. 'धन्वंतरी महाल' या संस्थेत त्यांनी आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य या वैद्यकपद्धतींचे जाणकार एकत्र आणले. औषधे तयार केली, त्यांचा गुण पारखला आणि ती माहिती लिहून ठेवविली. डोळ्यांच्या रुग्णांची टिपणे विशेष लक्षणीय आहेत. रुग्णाची तक्रार काय, उपचार कोणता केला, पुढे काय झाले, हे त्यांत नोंदलेले असून जोडीला रोगग्रस्त डोळ्यांची रंगीत चित्रे आहेत. दोनशे वर्षांपूर्वीची ही नोंद पाहून आजचे नेत्रतज्ज्ञही कौतुक करतात.

तिसरी गोष्ट शिक्षणाची. १८०५ साली राजांनी तंजावरला देवनागरी छापखाना काढला. इसापनीतीतील गोष्टींचे 'बालबोधमुक्तावली' हे मराठी भाषांतर तेथून १८०६ साली प्रसिद्ध झाले. मराठीतील अगदी आरंभीच्या छापील पुस्तकांत त्याची गणना होते. राज्य गमावलेल्या राजाने छापखाना काढावा आणि त्यातून मुलांसाठी गोष्टींचे पुस्तक काढावे, ही घटना मला फार बोलकी वाटते. 'देवेंद्र कुरवंजी' हे मराठी नाटकही त्यांच्या नावावर आहे. कुरवंजी हा तमिळ भागातील लोकप्रिय नाट्यप्रकार. त्यात डोंगरात राहणारी एक स्त्री नायिकेचे भविष्य सांगते. या नाटकातील कुरवंजी मात्र भविष्याऐवजी पृथ्वीचा भूगोल सांगते. लोकांना जे रूप आवडते, त्याच रूपातून नवे ज्ञान पोहोचवावे, अशी ही युक्ती होती.

चौथी गोष्ट छत्रांची. रामेश्वराच्या वाटेवर भोसले राजांनी ठिकठिकाणी छत्रे, म्हणजे अन्नछत्रे व धर्मशाळा, बांधल्या होत्या. वाटसरूला तेथे जेवण मिळे, आजारी पडल्यास औषधपाणी होई, अनाथ मुलांना आश्रय आणि शिक्षण मिळे. तहानंतर ही छत्रेही कंपनीच्या हाती जातील, अशी भीती होती. १८०१ साली राजांनी ब्रिटिश रेसिडेंटला पत्र लिहून त्या छत्रांचे काम तपशीलवार समजावून सांगितले आणि ती आपल्याकडेच राहावीत, असा आग्रह धरला. मुलूख परत मिळणार नाही, हे त्यांनी जाणले होते. पण वाटसरूला मिळणारे जेवण वाचवता येईल, हेही त्यांनी ओळखले. काय सोडून द्यायचे आणि कशासाठी झगडायचे, याचा विवेक या एका पत्रात दिसतो.

येथे दोन आक्षेप निघू शकतात आणि ते रास्त आहेत.

पहिला आक्षेप असा : राजांनी अन्यायापुढे मान तुकवली आणि पुस्तकांत मन रमवले, याचे कौतुक का करावे? सरफोजीराजांना मर्यादा होत्या, हे नाकारण्याचे कारण नाही. नेपोलियनच्या पाडावानंतर ब्रिटिशांच्या विजयाचे स्मारक म्हणून त्यांनी समुद्रकाठी 'मनोरा' नावाची इमारत उभारली. ज्यांनी राज्य घेतले त्यांच्याच विजयाचा हा उत्सव होता. तो आपल्याला खटकतो आणि खटकावा. त्यांनी चांगले काम केले, म्हणून कंपनीचा तह न्याय्य ठरत नाही. माझे म्हणणे एवढेच की, झालेला अन्याय ओळखणे वेगळे आणि त्या अन्यायाला आपले सगळे आयुष्य गिळू देणे वेगळे. जेथे लढणे शक्य आहे तेथे लढावे. मग ती लढाईच आपले ध्येय होते. जेथे दार बंदच आहे, तेथे जन्मभर त्यावर डोके आपटण्यापेक्षा दुसरी वाट शोधणे म्हणजे शरणागती नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक जवळचा आहे. 'ते राजे होते, त्यांच्याकडे लाखोंचे उत्पन्न होते. आमच्यासारख्यांनी काय करावे?' याचे उत्तर तंजावरच्याच परिसरात, कुंभकोणमला मिळते. १८८० साली तेथील सरकारी महाविद्यालयात उ. वे. स्वामिनाथ अय्यर हे पंचवीस वर्षांचे तरुण तमिळ पंडित म्हणून नोकरीला लागले. त्या काळच्या तंजावर जिल्ह्यातील एका खेड्यात, गरीब घरात त्यांचा जन्म झाला होता. मोठ्या कष्टाने, गुरूजवळ राहून त्यांनी विद्या मिळवली होती. आता पोटापाण्याची सोय झाली होती. आणखी काय हवे?

त्याच वर्षी त्यांची गाठ सेलम रामस्वामी मुदलियार या मुन्सफांशी पडली. आपण कोणकोणते ग्रंथ अभ्यासले, याची लांबलचक यादी अय्यरांनी त्यांना ऐकवली. मुन्सफांवर तिचा काही परिणाम झाला नाही. 'जीवक चिंतामणी' हे प्राचीन काव्य तुम्ही वाचले आहे का, असे त्यांनी विचारले. अय्यरांनी ते वाचलेले नव्हते. एखादा पंडित अशा वेळी रागावला असता, किंवा ते काव्य वाचण्याच्या योग्यतेचे नाही, असे म्हणून मोकळा झाला असता. अय्यरांनी आपले अज्ञान मान्य केले आणि ते काव्य वाचायला घेतले. काव्य जैन परंपरेतील होते, म्हणून कुंभकोणमच्या जैन कुटुंबांकडे जाऊन त्यांनी त्या धर्माच्या संकल्पना समजून घेतल्या. १८८७ साली त्यांची संपादित आवृत्ती प्रसिद्ध झाली. पुढे गावोगाव हिंडून, अडगळीत पडलेली, वाळवी लागलेली ताडपत्रे गोळा करून त्यांनी एकामागून एक प्राचीन ग्रंथ उजेडात आणले. १९४२ साली त्यांचे निधन झाले. तोपर्यंत तमिळ भाषेला तिचे हरवलेले वैभव परत मिळाले होते. हे सर्व त्यांनी तनख्यावर केले नाही. शिक्षकाच्या पगारावर, नोकरी सांभाळून केले.

राजा आणि शिक्षक यांच्या उदाहरणांतून मला तीन गोष्टी समान दिसतात. दोघांनाही आपले ध्येय आकाशवाणीसारखे एका क्षणी ऐकू आले नाही. एक काम हाती घेतले, त्यातून दुसरे निघाले आणि अनेक वर्षांनी त्या कामांची एक दिशा दिसू लागली. दोघांनीही जवळच्या, हाताशी असलेल्या गोष्टींपासून सुरुवात केली. आणि दोघांच्याही कामाचा उपयोग त्यांच्यापुरता राहिला नाही. ध्येय 'शोधायला' निघालेली माणसे पुष्कळदा वाट पाहत बसतात. ध्येय शोधण्यापेक्षा घडवावे लागते आणि ते घडवण्याचे साहित्य म्हणजे आपल्याकडे जे उरले आहे ते.

तुमच्या बाबतीत हा हिशेब कसा मांडता येईल? वहीचे एक पान घ्या. जे गेले ते एका बाजूला लिहा : वाया गेलेली वर्षे, न मिळालेली संधी, हुकलेली परीक्षा. ते लिहिताना वाईट वाटेल, वाटू द्या. दुसऱ्या बाजूला जे उरले ते लिहा. येथे मात्र प्रामाणिक राहा, कारण माणूस आपले नुकसान मोजताना चोख असतो आणि शिल्लक मोजताना कंजूष. दुकानात उभे राहून आलेली माणसांची पारख, संसारात शिकलेली काटकसर, शेतात कळलेले ऋतुमान, रात्रीचा मोकळा एक तास, एखादी कला, एखादा हितचिंतक : ही सगळी शिल्लकच आहे. मग स्वतःला विचारा, यांतील कोणते काम कोणी पाहत नसतानाही मी करीन? आणि ते काम माझ्याशिवाय आणखी कोणाच्या उपयोगी पडेल? ज्या कामावर ही दोन्ही उत्तरे जुळतील, तेथून सुरुवात करा. सुरुवात लहान असेल. दिशा ठरवण्यासाठी पहिले पाऊल पुरते.

आयुष्याची सूत्रे हाती घेणे, असे आपण म्हणतो. त्याचा अर्थ सगळी परिस्थिती आपल्या मनाप्रमाणे वाकवणे असा केला, तर ते कोणालाच साधणार नाही. राजालाही साधले नाही. त्याचा खरा अर्थ, आपल्या वाट्याचे जे थोडे आहे त्याचा कारभार दुसऱ्यावर, दैवावर किंवा दुःखावर न सोपवणे, असा आहे.

सरफोजीराजांचे निधन १८३२ साली झाले. मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केले, तेच हे वर्ष. पुढे १८५५ साली त्यांचे पुत्र शिवाजीराजे पुरुष वारसाविना वारले आणि कंपनीने तंजावरचे उरलेसुरले राज्यही खालसा केले. किल्ल्यावरचा मानमरातबही गेला. ग्रंथालय मात्र राहिले. १९१८ साली ते सर्वांसाठी खुले झाले. आज तंजावरच्या वाड्यात दरबार भरत नाही. त्याच आवारातील या ग्रंथालयात मात्र कोणी अभ्यासक ताडपत्रावरील बारीक अक्षरे लावीत बसलेला आढळतो. कंपनीने तहात जे राज्य घेतले, ते पुढे कंपनीकडेही राहिले नाही. राजांनी आपल्या हाताने जे उभे केले, ते अजून वापरात आहे.

विचार करा

१. 'सिंहासन माणसाला बसण्याची जागा देते. उठून कोठे जायचे, हे ते सांगत नाही.' या विधानाचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.

२. सरफोजीराजांविषयीचे कोणते दोन आक्षेप लेखात मांडले आहेत? त्यांना दिलेली उत्तरे तुम्हाला पटतात का? सकारण लिहा.

३. आपले अज्ञान मान्य केल्यामुळे स्वामिनाथ अय्यरांच्या आयुष्याला कोणते वळण मिळाले?

४. लेखात सांगितल्याप्रमाणे तुमच्या 'शिल्लकेची' यादी करा आणि त्यांतील एका गोष्टीविषयी दहा ओळी लिहा.